आठ बोटांचा कीबोर्ड

व्यंकट, तुझ्या तेराव्याला मी पोटभर जेवलो. वरण-भात दोनदा घेतला. पंगतीत माझ्या शेजारी तुझा कोणीतरी चुलत मेव्हणा बसला होता. तो डोळे पुसत सांगत होता की व्यंकटराव म्हणजे देवमाणूस, कोणाला कधी वाकडा शब्द बोलले नाहीत. मला वाटलं आपण चुकून दुसऱ्याच कोणाच्या तेराव्याला येऊन बसलो. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. पण तुझ्याबद्दल फक्त चांगलंच बोलायचं ठरवलं तर माझ्याजवळ पाच मिनिटांचा मजकूर आहे, आणि आपण एका खोलीत काढली अकरा वर्षं. म्हणून जे काही आहे ते तुलाच लिहितो. तू आता मध्येच तोंड घालणार नाहीस, हा एक फायदा.

मी हदगावहून बी.ए.चा कागद घेऊन लातूरला आलो तेव्हा क्लासेसच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत तू प्रश्नपत्रिका टाइप करत बसलेला होतास. दोन टेबलं, दोन कॉम्प्युटर, खिडकीत वाळत घातलेला टॉवेल. माझं लक्ष सारखं तुझ्या डाव्या हाताकडे जात होतं. अनामिका आणि करंगळी, दोन्ही मुळापासून नव्हती. मी गावाकडचा माणूस, मला राहवलं नाही. विचारलं, बोटं कुठं गेली. तू पडद्यावरची नजर न काढता म्हणालास, "तुरीच्या डाळीत. त्या साली लातूरची डाळ खाल्ली असशील तर थोडी तुझ्याबी पोटात असतील." आणि हसलास. मला दोन दिवस वरण गेलं नाही. हे तुझं पहिलं बोलणं, आणि मेव्हणा म्हणतो वाकडा शब्द नाही.

दालमिलच्या पट्ट्यात हात गेल्यावर मिलवाल्यांनी तुला पोती उचलायच्या कामावरून काढून ऑफिसात बसवलं, तिथं तू कॉम्प्युटर शिकलास, एवढं मला नंतर वहिनींकडून कळलं. तू सांगायचास ती भलतीच तक्रार. तू म्हणायचास, ज्यानं कीबोर्ड बनवला त्यानं सगळी पळवाट डाव्या करंगळीखाली पुरून ठेवली. खरंच होतं ते. कॉपी करा, पेस्ट करा, सेव्ह करा, चुकलं तर मागं घ्या, सगळ्याला आधी डावीकडच्या कोपऱ्यातला कंट्रोल दाबावा लागतो, आणि तो दाबायचं बोट तुला नव्हतं. मिलमधल्या कॉम्प्युटरवर तू दरवेळी माउस धरायचास, आणि तिथल्या पोरांना तुझ्या आधी काम संपवून तुझ्याकडं बघत बसायला आवडायचं. ते बघणं तू कधी विसरला नाहीस. माउसचा तुला जन्मभर राग होता तो त्यामुळे.

मग तुला कोणीतरी विंडोज काढून लिनक्स घालून दिलं. लोकांना वाटायचं, व्यंकट कंजूष, फुकटातलं म्हणून वापरतो. क्लासची पोरं पेनड्राइव्हमधून व्हायरस आणतात म्हणून वापरतो, असं तू गिऱ्हाइकांना सांगायचास. मला एकदाच खरं सांगितलंस: "ह्याला म्हणलं का ऐकतंय. दुसरं आपल्यालाच शिकवतंय." त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन तू डावा ऑल्ट आणि डावा कंट्रोल यांची अदलाबदल केलीस. कंट्रोल आला अंगठ्याखाली, आणि अंगठा तुझा शाबूत होता. नंतर एकेक शॉर्टकट उचलून आपल्या उरलेल्या बोटांजवळ आणून बसवलास. वर्षभर हेच करत होतास. त्या खोलीतले दोन्ही कीबोर्ड शेवटी असे झाले की जगात फक्त आठ बोटांच्या माणसाला ते नीट चालावेत.

आणि मला दहा बोटं होती. त्यावर तू उपाय काढलास. प्रश्नपत्रिकांच्या गठ्ठ्याचं रबर घेऊन माझी डावी अनामिका आणि करंगळी तळहाताकडे मिटवून बांधलीस. म्हणालास, मला जे येतं तेच मी शिकवणार, दुसरं शिकायचं असेल तर रस्त्याच्या पलीकडं टायपिंगचं इन्स्टिट्यूट आहे. महिनाभर मी तसा बसलो. बोटं निळी पडायची. जेवायच्या सुट्टीत रबर काढलं की मुंग्या यायच्या आणि तू डबा खात मजेत बघत राहायचास. तू मला तुझ्यासारखा करत होतास, आणि त्यात तुला आनंद होत होता, हे मी बाविसाव्या वर्षीही ओळखलं होतं. तरी गेलो नाही. का गेलो नाही ते आता सांगतो.

कारण आपण लई जोरात होतो, व्यंकट. रबर निघालं आणि हात आपोआप चालायला लागला, तेव्हा त्या गल्लीत आपल्यासारखं काम कोणाचंच नव्हतं. तू एका पडद्याचे चार पडदे केले होतेस. पहिल्यावर प्रश्न, दुसऱ्यावर आकृत्या, तिसऱ्यावर उत्तरं, चौथ्यावर तुझा क्रिकेटचा स्कोअर. अंगठा आणि एक बोट, की पडदा बदलला. रसायनशास्त्राची समीकरणं, खालचे आकडे, वरचे आकडे, अपूर्णांक, सगळं दोन-दोन दाबांत यायचं. क्लासचा शिपाई सांगायचा, सर म्हणाले उद्या दिलं तरी चालेल, आणि तू त्याला चहा सांगायचास. चहा संपायच्या आत कागद त्याच्या हातात. मला त्या खोलीत पहिल्यांदा वाटलं की मला काहीतरी येतं. हदगावात तसं कधी वाटलं नव्हतं. हे उपकार आहेत तुझे, आणि ते मानायला मला तुझ्या मरणाची वाट बघावी लागली, त्याला मी काय करू.

मग लिपिकाच्या जागेची चाचणी आली. वय निघून चाललं होतं, ती माझी शेवटची संधी होती. लेखी पास झालो होतो. उरलं होतं फक्त टायपिंगचं, आणि टायपिंगची मला कसली भीती. तू म्हणालास, डोळे झाकून येशील. नांदेडच्या केंद्रावर बसलो. आधी उतारा, मग एक पत्र, मग तक्ता. उतारा माझा सगळ्यांच्या आधी संपला. आपल्याकडे फाइल संपली की अंगठा आणि एफ-फोर, मग एंटर, की फाइल सेव्ह होऊन बंद. दहा वर्षं दिवसातून शंभर वेळा केलेलं. हातानं तेच केलं. पण त्या कीबोर्डवर अंगठ्याखाली ऑल्ट होता, आणि ऑल्टसोबत एफ-फोर दाबलं की अख्खा कार्यक्रम बंद होतो, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. पडदा पांढरा झाला. पर्यवेक्षक बाई आल्या, पाहिलं, आणि शांतपणे म्हणाल्या की तुम्ही पेपर जमा केलाय. पत्र राहिलं, तक्ता राहिला. माझ्या आजूबाजूचे तीस जण टकटक करत होते आणि मी मांडीवर हात ठेवून वेळ संपायची वाट बघत बसलो.

एसटीनं लोहा, अहमदपूर करत लातूरला येईपर्यंत मी तुला काय काय बोलायचं ते सगळं पाठ केलं होतं. खोलीत येऊन बोललोही. तुझ्या थोट्या हातामुळं माझं वाटोळं झालं, असं म्हणालो. थोटा हा शब्द मी तुला त्या दिवशी पहिल्यांदा वापरला. तू खुर्ची फिरवलीस आणि एकच प्रश्न विचारलास.

"बंद करायच्या आधी त्यानं विचारलं आसंल ना? एंटर कोणी दाबलं?"

विचारलंच नाही, असं मी तुला सांगितलं. सहा वर्षं तेच सांगत राहिलो. आता तू नाहीस तर खरं ऐक. विचारलं होतं. बाहेर पडायचं का, अशी पाटी आली होती. मी वाचली नाही, एंटर दाबला. पण तो एंटरही तुझाच होता रे. एफ-फोरनंतर एंटर, हे वळण माझ्या हाताला कोणी लावलं? आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगायचं कोणाला.

पुढचा महिनाभर मी तुझ्या नकळत हात मोडून पुन्हा बसवला. घरी जुना लॅपटॉप होता, त्यावर कोपऱ्यातला कंट्रोल, करंगळीनं. चाचणी आता परत नव्हती, मग कशासाठी, तर तुझ्यासाठी. टेस्ट सिरीजच्या पहिल्या दिवशी सकाळी तू खाली चहाला गेलास. मी तुझ्या कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये गेलो, अदलाबदल काढून टाकली, आणि तुझे सगळे शॉर्टकट पुसायचं बटण दाबलं. एका क्षणाचं काम. तू वर आलास तेव्हा फिजिक्सचे सर स्वतः आले होते, सोबत दोन शिपाई, भौतिकच्या पेपरात शेवटच्या दुरुस्त्या हव्या होत्या आणि खाली पोरं वर्गात बसलेली.

तू बसलास. चार ओळी नीट केल्यास. अंगठा आणि एफ-फोर. पाटी आली, बंद करायचं का. आणि व्यंकट, तू एंटर दाबला नाहीस. तू पाटी वाचलीस. मग मान वळवून माझ्याकडं पाहिलंस. दोन सेकंद असतील. त्या दोन सेकंदांत तू आपलं भांडण जिंकलास, आणि मला ते तिथंच कळलं. मग तू पाटी रद्द केलीस, डावा हात उचललास आणि बोटं तुटलेल्या जागेची कड कोपऱ्यातल्या कंट्रोलवर टेकवलीस. टेकवली की हात घसरायचा, दुसरंच अक्षर उमटायचं. परत टेकवायचास. सर बघत होते, शिपाई बघत होते. मिलमधल्या पोरांनी बघितलं असेल तसंच. शेवटी सर म्हणाले, "मामा, ऱ्हाऊ द्या, ह्याला बसू द्या." तू उठलास. मी बसलो आणि पेपर काढून दिला. मला बरं वाटलं, हे मी लपवत नाही. संध्याकाळपर्यंत बरंच वाटत होतं.

तू विचारलं नाहीस. दुसऱ्या दिवशी गुपचूप सगळं पुन्हा बसवलंस, पण क्लासवाले येऊन काम माझ्या टेबलावर ठेवायला लागले. पुढच्या वर्षी तू म्हणालास की नायगावला जातो, तिथं बसस्टँडजवळ खोली मिळतीय, ही तू ठेव. मी थांब म्हणालो नाही. नंतर आपण फोनवर बोलायचो ते फक्त तुझी अदलाबदल उडाली की. लिनक्सची नवीन आवृत्ती घातली की सेटिंग जायची आणि तू फोन करायचास, बाल्या, कुठं गेलं ते. मी मुद्दाम दोन तासांनी उचलायचो. तू तितका वेळ हात धरून बसलेला असणार, हे मला माहीत असायचं. एकदाही तू त्याबद्दल बोलला नाहीस, आणि त्यानंच मी जास्त चिडायचो. एकदा तरी विचार की, मी केलं होतं का म्हणून. मी तयार बसलो होतो.

तेराव्यानंतर वहिनींचा फोन आला. म्हणाल्या, भावजी, शिवकन्याची चाचणी एकवीस दिवसांवर आलीय, लिपिकाचीच, तिला तुमच्याकडं पाठवते, माझ्या बहिणीकडं राहील. तुझी पोरगी, व्यंकट. माझ्या डोळ्यांसमोर अजून ती तुझ्या मांडीवर बसून स्पेसबार बडवणारीच होती. आता माझ्यापेक्षा उंच आहे. आली, नमस्कार केला, खुर्चीत बसली, हात कीबोर्डवर ठेवले. आणि डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी, धडधाकट, नखं रंगवलेली, आपोआप तळहाताकडं मिटली.

मला तुझा इतका राग आला की मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. एकाला बिघडवून तुझं भागलं नाही. पोटच्या पोरीलाही रबर लावलंस, असं मनात म्हणालो. आत येऊन तिला विचारलंही, रबर किती दिवस लावत होते. तिनं माझ्याकडं वेड्यासारखं पाहिलं. कसलं रबर, काका?

दोन दिवस मी तिला सांगत राहिलो, बोटं उघड, कंट्रोल कोपऱ्यात असणार, चाचणीचा कीबोर्ड तुझ्या बापाचा नसणार. ती उघडायची, स्पीड निम्म्यावर यायचा, चुका वाढायच्या, परत मिटायची. पालथ्या घड्यावर पाणी. तिसऱ्या दिवशी मी तुझ्यासारखा झालो. तिला म्हणालो, "तुझ्या बापाला बोटं नव्हती म्हणून त्यानं मिटवली. तुला हायत. तो मेला, आता नक्कल कोणाला दाखवून राहिलीस?"

बापाला जाऊन महिना न झालेल्या पोरीला मी हे बोललो. ती कीबोर्डवरच रडली. मी पाणी दिलं नाही, उठूनही गेलो नाही. थोड्या वेळानं नाक पुसून ती म्हणाली, "पप्पा रोज म्हणायचे, उघड म्हणून. मीच न्हाई उघडली. लहानपणी मी तसं बसले का ते हसायचे." मग म्हणाली, मोठी झाल्यावर मात्र हसायचे बंद झाले, चिडायचे. म्हणायचे, एकाचं वाटोळं केलंय मी, दुसऱ्याचं करायचं न्हाई.

सहा वर्षं, व्यंकट. या एका वाक्यासाठी मी सहा वर्षं तुझ्याशी भांडत होतो. ते तू नायगावात एका पोरीला सांगत होतास, रोज, आणि मला फोनवर विचारायचास, बाल्या, सेटिंग कुठं गेलं. मला सांगितलं असतंस तर मीही पाटी आली होती हे सांगितलं असतं. कदाचित नसतं सांगितलं. पण मी तुला शिव्या देणं तरी थांबवलं असतं, एवढं नक्की.

मग मला पोरीसमोर बसवेना. मी तिला त्या सकाळचं सगळं सांगितलं. सेटिंग मी पुसलं, मुद्दाम पुसलं, तुझ्या बापाची चार लोकांत मी नाचक्की केली, तो नायगावला गेला तो माझ्यामुळं. आता तुला दुसरीकडं शिकायचं असेल तर मी वहिनींना सांगतो. ती कीबोर्डवरचं पाणी ओढणीनं टिपत होती.

"माहीत हाय मला," ती म्हणाली. "चाचणीच्या आधी महिनाभर पप्पाच मला इथं आणून ठेवणार होते. म्हणायचे, माझ्याच्यानं तुझ्यावर सक्ती होत न्हाई. बाल्याकडं ठेवतो. त्यानं माझी कीव केली न्हाई, तुझीबी करणार न्हाई."

एवढी कदर होती तर तोंडानं बोलायला काय झालं होतं तुला. वाईट वाटलं, आणि त्या वाईट वाटण्यातही थोडं बरं वाटलं, की तू मला नीट ओळखत होतास. मला ओळखणारं दुसरं कोणी या लातुरात नाही. आता मी कोणाशी भांडू, ते तेवढं सांगून जायचं होतंस.

तर मी काम चालू ठेवलंय. कीव करत नाही. बोटं मिटली की पट्टी वाजवतो, टेबलावर, हातावर नाही. अदलाबदल काढून टाकली आहे, तिच्या कॉम्प्युटरवर तुझा एकही शॉर्टकट ठेवलेला नाही. पहिले आठ दिवस तिनं मला मनातून शिव्या दिल्या असणार, आणि त्या तुझ्यासारख्याच असणार. काल दुपारी पत्र टाइप करताना तिची करंगळी पहिल्यांदा न बघता कोपऱ्यात गेली आणि सेव्ह झालं. तिच्या ध्यानातही आलं नाही. मी पुढचं पत्र दिलं.

माझ्या हातातून तुला मी कधीच काढून टाकलं होतं. तिच्या हातात तेवढा राहिला होतास, आता तिथूनही रोज थोडा थोडा काढतोय, तूच सांगितलंस म्हणून. अजून नऊ दिवस आहेत. शिवकन्या पास होईल, व्यंकट, आणि त्या दिवशी तिच्या हातात तू कुठंही नसशील.